जुना करार आणि नवा करार

मराठी बायबल उघडले की त्याचे दोन भाग दृष्टीस पडतात. पहिल्याचे नाव 'जुना करार' आणि दुसऱ्याचे 'नवा करार'. ही नावे कानांना इतकी सवयीची झाली आहेत की, त्यांत एका फार मोठ्या वादाचा निकाल आधीच सांगून टाकलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. करार हा शब्द व्यवहारातला आहे. एकाच मिळकतीविषयी आधी एक करारनामा झाला आणि पुढे दुसरा झाला, तर पहिला रद्द समजावयाचा, की दोन्ही कायम धरावयाचे, की पहिल्याच्या आधारावरच दुसरा उभा आहे असे मानावयाचे? वकिलाच्या कचेरीत हा प्रश्न चार घटकांत सुटेल. धर्मशास्त्रात तो सुटण्यास दोन हजार वर्षे पुरली नाहीत. यहुदी धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास हा बहुतांशी या एका प्रश्नाचा इतिहास आहे. आणि त्याला वेळोवेळी जी उत्तरे दिली गेली, त्यांवर असंख्य माणसांचे जीवित अवलंबून होते.

यहुदी मनुष्य आपल्या धर्मग्रंथाला 'जुना' करार असे म्हणत नाही. देवाने अब्राहामाशी केलेला आणि सिनाय पर्वतावर मोशेच्या द्वारे दृढ केलेला करार त्याच्या दृष्टीने आजही चालू आहे. तोरा म्हणजे नियमशास्त्र, नबीईम म्हणजे संदेष्टे आणि कतुबीम म्हणजे इतर लेख, असे त्या ग्रंथाचे तीन भाग असून त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'तनाख' हे नाव पडले. प्रॉटेस्टंट बायबलातील जुन्या करारात ३९ पुस्तके मोजतात. यहुदी गणनेने तीच पुस्तके २४ भरतात. पुस्तके तीच, परंतु त्यांची मांडणी वेगळी, आणि या मांडणीतच दोन्ही धर्मांची दृष्टी उमटली आहे. यहुद्यांचा तनाख इतिहासाच्या पुस्तकाने संपतो. त्याच्या शेवटी इराणचा राजा कोरेश हा परागंदा झालेल्या यहुद्यांना यरुशलेमला परत जाऊन मंदिर उभारण्याची मोकळीक देतो. ख्रिस्ती जुना करार मात्र मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाने संपतो. तेथे एलीया पुन्हा येईल असे आश्वासन मिळते आणि पान उलटताच येशूची वंशावळ सुरू होते. एका मांडणीत वाचक घरी परततो, तर दुसरीत तो कोणाच्या तरी येण्याची वाट पाहत थांबतो.

एवढेच नव्हे, तर 'नवा करार' हा शब्दप्रयोगदेखील मूळचा यहुदी ग्रंथातलाच आहे. यरुशलेमच्या पहिल्या विनाशाच्या सुमारास, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाशे वर्षांच्या आगेमागे, यिर्मया या संदेष्ट्याने असे सांगितले की, देव इस्राएलाशी एक नवा करार करील आणि आपले नियम दगडी पाट्यांवर न कोरता लोकांच्या अंतःकरणावर लिहील. यहुदी भाष्यकारांनी याचा अर्थ असा लावला की, जुनाच करार पुन्हा ताजा होईल. ख्रिस्ती भाष्यकारांनी तो येशूच्या ठायी पूर्ण झालेला पाहिला. ज्या वाक्याच्या बळावर एकाने वारसा सांगितला, त्याच वाक्याच्या बळावर दुसऱ्याने तो नाकारला. आपल्याकडे भाऊबंदकीचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटू नये. परक्याशी इतका दीर्घ कज्जा चालत नाही. कागद एक आणि हिस्सेदार दोन असले म्हणजेच तो पिढ्यान् पिढ्या चालतो.

प्रारंभी तर हे भांडण एकाच घरातले होते. येशू जन्माने यहुदी होता. त्याची आई, त्याचे बारा शिष्य आणि प्रेषित पौल हे सर्व यहुदी होते. येशूने शब्बाथ पाळला, वल्हांडणाचा सण केला, सभास्थानात तोरेवर प्रवचने केली. परूशांशी त्याचे जे खटके उडाले, ते नियमशास्त्राचा अर्थ कसा लावावा याविषयी होते, आणि तशा वादांना यहुदी परंपरेत कधीच वाण नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर शिष्यांची जी मंडळी यरुशलेमात राहिली, तीही मंदिरात नित्य प्रार्थनेला जात असे. येशू हाच मशीहा, म्हणजे देवाचा अभिषिक्त, असे ती मानी. एरवी ती आपल्या शेजाऱ्यांहून वेगळी नव्हती.

पेच पडला तो यहुद्येतर लोक या मंडळीत येऊ लागल्यावर. ग्रीक किंवा सिरियन मनुष्याने येशूवर विश्वास ठेवला, तर त्याने सुंता करून घ्यावी काय? भक्ष्याभक्ष्याचे नियम पाळावेत काय? थोडक्यात, ख्रिस्ती होण्यापूर्वी त्याने यहुदी झाले पाहिजे काय? इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमात प्रेषितांची व वडील मंडळींची बैठक भरली आणि तीत असा निर्णय झाला की, मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचे मांस आणि जारकर्म एवढे वर्ज्य करावे; सुंतेचा आग्रह धरू नये. निर्णय व्यवहारी होता. तथापि, त्यामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला. सुंतेवाचून जर देवाच्या लोकांत प्रवेश मिळतो, तर ज्यांनी सुंतेचा करार हजार वर्षे सांभाळला त्यांचे स्थान कोणते?

या प्रश्नाने पौलाला अस्वस्थ केले. इसवी सन ५७ च्या सुमारास रोममधील मंडळीला लिहिलेल्या पत्राचे तीन अध्याय त्याने यासाठीच खर्ची घातले. त्यांत त्याने जैतुनाच्या झाडाचा दृष्टान्त योजला आहे. इस्राएल हे मूळ झाड. त्याच्या काही फांद्या तोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी रानटी जैतुनाच्या फांद्यांचे कलम झाले. या कलमी फांद्या म्हणजे यहुद्येतर ख्रिस्ती. त्यांना पौल बजावतो की, मूळ फांद्यांपुढे तोरा मिरवू नका. मुळाला तुम्ही धरलेले नाही, मुळाने तुम्हाला धरले आहे. शिवाय, देवाने एकदा दिलेली देणगी तो परत घेत नाही, असेही तो सांगतो. परंतु याच नव्या करारात 'इब्री लोकांस पत्र' या नावाचा दुसरा एक लेख आहे, आणि त्यात असा सूर आहे की, नव्या करारामुळे पहिला जीर्ण झाला असून तो नाहीसा होण्याच्या बेतात आहे. दोन्ही लेख एकाच पोथीत बांधले गेले. पुढची अठरा शतके ख्रिस्ती पंडितांनी बहुधा दुसऱ्याच्या नजरेने पहिला वाचला. बरेचसे दुःख या निवडीतून उद्भवले.

इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटस याने यरुशलेमचे मंदिर जमीनदोस्त केले. यज्ञवेदीच गेल्यावर यज्ञधर्म कसा चालावा? या संकटाला दोन उत्तरे मिळाली. रब्बी योहानान बेन झक्काई आणि यावने येथे जमलेले त्यांचे सहकारी यांनी प्रार्थना, अध्ययन व दानधर्म यांना यज्ञाच्या ठिकाणी आणले. याच उद्योगातून सुमारे इसवी सन २०० मध्ये 'मिश्ना' आणि पुढे काही शतकांनी 'ताल्मूद' सिद्ध झाला. ख्रिस्ती मंडळीने असे म्हटले की, येशूचे बलिदान हाच अखेरचा यज्ञ होय. त्यानंतर वेदीची गरज उरली नाही. यहुदी धर्म ही आई आणि ख्रिस्ती धर्म हा मुलगा असे सामान्यतः बोलले जाते. परंतु आज ज्याला यहुदी धर्म म्हणतात तो रब्बींचा धर्म आणि ख्रिस्ती धर्म हे दोघेही त्याच एका जळलेल्या मंदिराच्या राखेतून वर आले. म्हणून त्यांना भावंडे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

भावंडांतील दुरावा वाढण्यास वेळ लागला नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या एका धनिक ख्रिस्ती गृहस्थाने वादाचा सोपा तोडगा काढला. यहुद्यांचा देव निराळा, येशूचा पिता निराळा. तेव्हा जुना ग्रंथ सबंधच टाकून द्यावा, असे त्याचे म्हणणे होते. इसवी सन १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बहिष्कृत केले आणि यहुदी ग्रंथ आपला म्हणून कायम ठेवला. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातील हा अतिशय महत्त्वाचा निर्णय होय. परंतु त्याचीही किंमत होती. ग्रंथ आपला म्हटल्यावर, तो ज्यांनी लिहिला व जपला ते लोक त्यातून येशूचे नाव का वाचत नाहीत, याचे कारण सांगणे भाग पडले. जस्टिन या तत्त्वज्ञाने ट्रायफो नामक यहुद्याशी झालेल्या संवादाच्या रूपाने एक ग्रंथ लिहिला. त्यात तो स्पष्ट म्हणतो की, ही शास्त्रे आता आमची आहेत. तुम्ही ती वाचता, पण तुम्हाला ती कळत नाहीत.

वाद एकेका शब्दावर येऊन ठेपला. यशयाच्या पुस्तकात एक 'अल्मा' गरोदर राहील असे भाकीत आहे. हिब्रूत या शब्दाचा अर्थ तरुण स्त्री. ख्रिस्तपूर्व काळात यहुद्यांनीच केलेल्या ग्रीक भाषांतरात तेथे 'पार्थेनॉस', म्हणजे कुमारी, असा शब्द पडला होता. ख्रिस्ती लेखकांनी ग्रीक शब्दावर बोट ठेवले, यहुद्यांनी मूळ हिब्रूवर. तीच गत याकोब आणि एसाव यांच्या कथेची. रिबकेच्या पोटी जुळे असताना थोरला धाकट्याचा अंकित होईल असे देवाने सांगितले होते. ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी अर्थ लावला, थोरला एसाव म्हणजे यहुदी आणि धाकटा याकोब म्हणजे ख्रिस्तमंडळी. रब्बींनी अर्थ लावला, याकोब म्हणजे आपण आणि एसाव म्हणजे रोम; पुढे रोम ख्रिस्ती झाले तेव्हा ख्रिस्ती जगही एसावच ठरले. दोघांनाही याकोबच व्हावयाचे होते.

चौथ्या शतकात रोमन सम्राटांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि पंडितांच्या वादाला राजदंडाची जोड मिळाली. ३२५ मध्ये निकेया येथील धर्मपरिषदेने ईस्टरचा दिवस यहुदी पंचांगावर अवलंबून न ठेवता स्वतंत्रपणे ठरविण्याचा निर्णय घेतला. ३८६ व ३८७ या वर्षांत अँटिऑक येथे योहान ख्रिसोस्तोम या नामांकित वक्त्याने यहुद्यांविरुद्ध अत्यंत कठोर प्रवचने दिली. ती का दिली, हे पाहण्याजोगे आहे. त्याच्याच मंडळीतील ख्रिस्ती स्त्रीपुरुष यहुदी सणांना आनंदाने सभास्थानात जात असत आणि शपथ घ्यावयाची तर तीही तेथेच घेणे पसंत करीत. सामान्य माणसांच्या मनात भिंत नव्हती. ती बांधण्याची निकड उपदेशकाला वाटली. त्याच शतकाच्या अखेरीस बेथलेहेमात जेरोम हा यहुदी शिक्षकांकडून हिब्रू शिकून मूळ ग्रंथाचे लॅटिन भाषांतर करीत होता. एकाच पिढीत द्वेषाचे आणि गुरुशिष्यभावाचे असे दोन्ही प्रवाह वाहत होते.

या गोंधळाला सूत्रबद्ध रूप दिले ते आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन याने. त्याचे मत असे की, यहुदी हे अजाणता साक्षीदार आहेत. धन्याच्या मुलाची पुस्तके शाळेपर्यंत वाहून नेणाऱ्या सेवकाप्रमाणे ते ख्रिस्ताविषयीची भाकिते जगभर वाहून नेतात. म्हणून त्यांना मारू नये. त्यांनी विखुरलेले, परंतु जिवंत राहावे. या मताने यहुद्यांचे दुहेरी नशीब ठरले. युरोपात इतर प्राचीन धर्म निपटून काढले गेले, तरी यहुद्यांचा धर्म कायद्याने टिकून राहिला, याचे मोठे श्रेय ऑगस्टीनला द्यावे लागते. परंतु ज्या माणसाचे अस्तित्व केवळ दुसऱ्याच्या सत्याचा पुरावा म्हणून चालवून घेतले जाते, त्याला मान कोठून मिळणार?

यहुदी पंडितांनीही आपल्या बाजूने कसून विचार केला. त्यांचे आक्षेप मुख्यतः दोन होते. देव एकमेव असताना त्याची त्रिमूर्ती कल्पिणे आणि मनुष्याला देव म्हणणे, हा पहिला. मशीहा आला असता तर युद्धे थांबली असती व जगात न्याय नांदला असता, पण तसे काही दिसत नाही, हा दुसरा. मैमोनिदीस या बाराव्या शतकातील महापंडिताने ख्रिस्ती उपासनेला मूर्तिपूजा म्हटले; मात्र त्याचबरोबर असेही लिहिले की, ख्रिस्ती व इस्लाम या धर्मांनी तोरेचे व मशीहाचे नाव दूरदूरच्या बेटांपर्यंत नेऊन खऱ्या मशीहाची वाट मोकळी केली आहे. पुढे दक्षिण फ्रान्समधील मेनाहेम मेईरी या रब्बीने आणखी मोकळे मत दिले. ज्या समाजांचे जीवन धर्माच्या मर्यादेत चालते, त्यांना प्राचीन मूर्तिपूजकांत गणू नये, असे त्याने ठरविले. दुसरीकडे, येशूच्या जन्माची व चमत्कारांची टवाळी करणारी कथाही मध्ययुगीन यहुद्यांत प्रचलित होती. दुर्बलाचा राग बहुधा विडंबनात निघतो. सबळाचा राग शस्त्रात निघतो.

तो निघालाही. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धासाठी निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या नगरांतील यहुदी वस्त्या कापून काढल्या. स्पायरच्या बिशपने आपल्या आश्रयाला आलेल्यांपैकी बहुतेकांना वाचविले. माइन्झच्या आर्चबिशपला ते साधले नाही. बाप्तिस्मा की मरण, असा सवाल समोर येताच अनेकांनी स्वहस्ते आपल्या मुलाबाळांना मारून मरण पत्करले. १२१५ च्या धर्मपरिषदेने यहुद्यांनी वेगळा पोशाख करावा असा आदेश काढला. तेराव्या शतकात ख्रिस्ती पंडितांना ताल्मूदाची नीट ओळख झाली आणि ऑगस्टीनच्या चौकटीलाच तडा गेला. यहुदी हे मोशेचे जुने शास्त्र जसेच्या तसे धरून बसलेले साक्षीदार नव्हते. त्यांचा धर्म वाढत होता, नवे ग्रंथ रचत होता. १२४० मध्ये पॅरिस येथे ताल्मूदावर खटला भरण्यात आला आणि १२४२ मध्ये त्याच्या हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या भर चौकात जाळल्या गेल्या.

१२६३ मध्ये बार्सिलोना येथे अरागोनचा राजा पहिला जेम्स याच्या समक्ष वाद झाला. ख्रिस्ती पक्षाचा वक्ता पाब्लो हा धर्मांतरित यहुदी होता. यहुदी पक्षाकडून रब्बी मोशे बेन नहमान उभे राहिले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या वृत्तान्तावरून दिसते की, मशीहाच्या येण्याने शांतता नांदावयाची होती, परंतु येशूच्या काळापासून आजवर जग हिंसेने भरलेले आहे, हे त्यांनी राजाच्या तोंडावर सांगितले. राजाने त्यांचा द्रव्य देऊन गौरव केला. तरीही काही वर्षांतच त्यांना देश सोडून पॅलेस्टाइनला जावे लागले.

येथवर वाद श्रद्धेचा होता. निदान तत्त्वतः तरी बाप्तिस्मा घेतलेला यहुदी हा पूर्ण ख्रिस्ती गणला जाई. पंधराव्या शतकात स्पेनमध्ये हेही तत्त्व ढासळले. १४४९ मध्ये टोलेडो नगरात असा नियम झाला की, यहुदी वंशाच्या ख्रिस्ती माणसाला सार्वजनिक अधिकारपदे देऊ नयेत. पौलाच्या दृष्टान्तातील कलम लावणे येथे संपले आणि फांदीचे रक्त तपासणे सुरू झाले. १४९२ मध्ये स्पेनने यहुद्यांना हद्दपार केले. त्यांपैकी पुष्कळ जण शेजारच्या पोर्तुगालात गेले, आणि १४९७ मध्ये तेथे त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला. हे 'नवे ख्रिस्ती' पोर्तुगीज जहाजांतून पूर्वेकडे आले व गोव्यात स्थायिक झाले. त्यांच्या पाठोपाठ १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायसभा, गोव्यात येऊन बसली.

हिंदुस्थानी वनौषधींवरील आपला संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापविणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याचे नाव गोमंतकीयांना परिचित आहे. त्याचे आईबाप स्पेनमधून आलेल्या यहुद्यांपैकी होते. तो १५६८ मध्ये मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले; आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या गेल्या. ज्याच्या ग्रंथाने हिंदुस्थानची औषधी संपत्ती युरोपला कळविली, त्याच्या हाडांनाही त्या मातीत विसावा मिळाला नाही. पुढे या सभेचा रोख मुख्यतः बाटलेल्या हिंदूंच्या जुन्या आचारांकडे वळला, आणि ती १८१२ मध्ये कायमची बंद झाली. यहुद्यांसाठी घडविलेले हत्यार इतरांवर चालविणे किती सोपे असते, हे गोव्याच्या इतिहासात दिसून येते.

युरोपात धर्मसुधारणेच्या काळी आशा पालवली होती. योहान रॉयखलिन या जर्मन विद्वानाने हिब्रूचा अभ्यास करून १५१० मध्ये यहुदी ग्रंथ जाळण्याच्या मागणीला विरोध केला. मार्टिन ल्यूथरने १५२३ मध्ये येशू जन्माने यहुदी होता याची आठवण देणारे पुस्तक लिहिले आणि यहुद्यांशी सौजन्याने वागावे असे सांगितले. परंतु यहुदी आपल्या मताला वळत नाहीत असे दिसताच, १५४३ मध्ये त्यानेच त्यांची सभास्थाने जाळावीत असा सल्ला देणारे दुसरे पुस्तक लिहिले. एकाच लेखणीतून वीस वर्षांच्या अंतराने निघालेले हे दोन ग्रंथ पाहिले की, धर्मांतराच्या अपेक्षेवर आधारलेले प्रेम किती ठिसूळ असते ते कळते.

याच अपेक्षेचा एक सौम्य प्रसंग महाराष्ट्रातही घडला. कोकणात तेलघाण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखले जाणारे बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी होत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनऱ्यांनी त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, आणि १८२९ मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. जुन्या करारातून ते नव्या कराराकडे येतील, अशी मिशनऱ्यांची आशा होती. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, मराठीत आलेले शास्त्र घेतले, शिक्षण घेतले. धर्म बदलणारे मात्र फारच थोडे निघाले. उलट, या विद्येच्या साहाय्याने त्यांचा स्वतःचा धर्म अधिक डोळस झाला, आणि पुढे अब्राहाम व योसेफ यांची आख्याने ते मराठी कीर्तनातून गाऊ लागले. एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचे ताट आजही त्यांच्याकडे मांडले जाते. मलाखीच्या अखेरच्या ओळींत ज्याची वाट पाहिली आहे, तोच हा एलीया. बळजबरी नसली म्हणजे एका भावाची विद्या दुसऱ्याच्या घरी कशी रुजते, याचा हा नमुना आहे.

विसाव्या शतकात युरोपातील सुमारे साठ लाख यहुद्यांची नाझींनी हत्या केली. ही हत्या वंशवादाच्या नावाने झाली. ख्रिस्ती धर्मसिद्धान्ताने ती घडविली असे म्हणता येणार नाही. तथापि, शतकानुशतके प्रवचनांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून यहुदी हे शापित व देवाने टाकलेले म्हणून वर्णिले गेले नसते, तर इतक्या ख्रिस्ती देशांत इतके शेजारी निमूट राहिले असते काय? हा प्रश्न ज्याने नेटाने विचारला, तो झ्यूल इझाक हा फ्रान्समधील इतिहासकार होता. शाळांतून चालणाऱ्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांचा हा लेखक स्वतः यहुदी. त्याची पत्नी व कन्या यांचा आउश्वित्झ येथे अंत झाला. लपूनछपून दिवस काढीत असताना त्याने शुभवर्तमानांचा ओळीन् ओळ अभ्यास केला आणि १९४८ मध्ये 'येशू आणि इस्राएल' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिरस्काराची शिकवण शुभवर्तमानांत नाही, ती मागाहून चिकटविलेली आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. १३ जून १९६० रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, तो पोप तेविसावे जॉन यांना भेटला आणि ही शिकवण तपासून पाहण्याची विनंती त्याने केली. १९६३ मध्ये तो वारला. आपल्या विनंतीचे फळ त्याला दिसले नाही.

ते फळ २८ ऑक्टोबर १९६५ रोजी हाती आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी 'नोस्त्रा एताते' हे निवेदन संमत केले. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, यहुदी लोक देवाने टाकलेले वा शापिलेले आहेत असे शिकवू नये, आणि त्यांचा द्वेष सर्वस्वी निंद्य होय, असे त्यात म्हटले आहे. हिंदू, बौद्ध व इस्लाम या धर्मांविषयीचा आदरही त्याच निवेदनात व्यक्त झाला आहे. परिषदेने आधार घेतला तो पौलाच्या जैतुनाच्या झाडाचा. अठराशे वर्षे मागे पडलेले पान पुन्हा उघडले गेले. पुढे १७ नोव्हेंबर १९८० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी यहुदी प्रतिनिधींशी बोलताना, देवाने जुना करार कधीच रद्द केलेला नाही असे निःसंदिग्धपणे सांगितले. ते शब्द उच्चारले गेले ते माइन्झ नगरात. १०९६ मध्ये जेथे यहुद्यांची कत्तल झाली होती, त्याच माइन्झमध्ये. १९९४ मध्ये अमेरिकेतील ल्यूथरपंथीय मंडळीने ल्यूथरच्या यहुदीद्वेष्ट्या लेखनाचा जाहीर त्याग केला. २०१५ मध्ये व्हॅटिकनच्या आयोगाने असे स्पष्ट केले की, यहुद्यांच्या धर्मांतरासाठी कॅथलिक चर्च कोणतीही संस्थात्मक मोहीम चालवीत नाही व तिला पाठिंबाही देत नाही.

यहुद्यांकडूनही प्रतिसाद आला, पण तो एकमुखी नव्हता. अमेरिकेतील रब्बी जोसेफ सोलोवेइचिक यांनी १९६४ मध्येच इशारा दिला होता की, समाजहिताच्या कामात दोन्ही धर्मांनी अवश्य सहकार्य करावे, परंतु श्रद्धेचा गाभा हा देवाणघेवाणीचा विषय होऊ शकत नाही. उलट, २००० साली दीडशेहून अधिक यहुदी विद्वानांनी व रब्बींनी काढलेल्या निवेदनात, दोन्ही धर्म एकाच देवाची उपासना करतात व एकाच ग्रंथातून अधिकार घेतात, असे मान्य करण्यात आले. त्यावर यहुद्यांतच टीका झाली. ख्रिस्ती बाजूलाही काही पंथ यहुद्यांमध्ये धर्मप्रचार चालूच ठेवतात.

म्हणजे मूळ मतभेद मिटला आहे असे मुळीच नाही. येशू हा मशीहा होता काय, या प्रश्नाला एकजण होय म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, आणि दोघांचेही उत्तर खरे असू शकत नाही. तडजोडीने सुटावा असा हा प्रश्न नव्हे. बदलले आहे ते एवढेच की, आपले कागदपत्र खरे ठरविण्यासाठी दुसऱ्याचे फाडावे लागतात, हा समज निदान एका मोठ्या धर्मसंस्थेने अधिकृतपणे सोडून दिला आहे. तो सोडण्यासाठी तिला नवा ग्रंथ शोधावा लागला नाही. आपल्याच ग्रंथातील एक विसरलेला दृष्टान्त पुरेसा झाला. प्रत्येक धर्माच्या पोथीत कठोर वचने असतात आणि उदार वचनेही असतात. त्यांपैकी कोणत्या वचनाच्या उजेडात उरलेली वाचावयाची, हे ठरविण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावरच पडते. माइन्झचे यहुदी, कातारिना द ओर्ता आणि झ्यूल इझाकची पत्नी व कन्या यांच्या आयुष्यांवर दुसऱ्या कोणाच्या तरी वाचनाचा परिणाम झाला, हे त्या वाचकाने ध्यानी ठेवले पाहिजे.